तक्रार करणाऱ्याचं नाव

फोनची घंटी वाजली की श्रीनाथराव उठून बाहेर जात, ही गोष्ट जयूच्या मनातून काही केल्या जाईना.

आधी तिला वाटलं, असेल योगायोग. एकदा ते तुळशीला पाणी घालायला गेले, एकदा फाटकाची कडी नीट लागली आहे की नाही ते पाहायला. पण कुठलाही माणूस दर रविवारी सकाळी बरोबर नऊ वाजता फाटकाची कडी पाहायला जात नाही. रविवारी नऊला विक्रांतचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, हैदराबादहून फोन येई. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत श्रीनाथरावांची खुर्ची रिकामी झालेली असे. जयू बोलत असेपर्यंत ते फाटकाशी पाठमोरे उभे राहत. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला की आत येत आणि विचारत, "चहा करतेस का?"

मुलगा काय म्हणाला, हे विचारत नसत.

एरवी तक्रार करावी असं काही नव्हतं. जेवत होते, झोपत होते, वाण्याकडून सामान आणत होते, ब्लडप्रेशरची गोळी न चुकता घेत होते. डॉक्टरकडे जाऊन सांगायचं तरी काय? आमचे हे फोन वाजला की बाहेर जातात, एवढंच? डॉक्टर हसला असता. पण ज्या माणसानं एकोणचाळीस वर्षं उज्जैनच्या लोकांचे फोन वाजते ठेवले, त्याला स्वतःच्या घरचा फोन ऐकवत नव्हता, आणि त्याचं कारण जगात फक्त जयूला माहीत होतं. पूर्ण कारण फक्त तिलाच.

पोतनिसांचे पूर्वज शिंदेशाहीत दप्तर सांभाळायला माळव्यात आले आणि इथलेच झाले. दप्तर गेलं, आडनाव राहिलं, आणि श्रीनाथरावांच्या बाबतीत लिहून ठेवायची खोडही राहिली. बासष्ट साली ते टेलिफोन खात्यात लाइनवर लागले. एकवीस वर्षांचं वय, खात्याची सायकल, कमरेला पट्टा, पिशवीत पक्कड आणि एक जाड वही. बाकीचे लोक खात्याचे कागद ऑफिसात भरत, हे स्वतःचं वेगळं लिहीत. वहीला सहा रकाने असत: तारीख, फोनचा नंबर, तक्रार करणाऱ्याचं नाव, खराबी, कारण, केव्हा सुधरवली. वही भरली की नवी. अशा बेचाळीस वह्या माधव नगरच्या घरात लोखंडी कपाटात होत्या.

नव्या मुलांना त्यातला नावाचा रकाना समजत नसे. नंबर आहे तर नाव कशाला? श्रीनाथराव म्हणत, "खराबी तारेत असते, पण ताप माणसाला होतो. त्याचं नाव नको?"

त्यांचे कामाचे नियम दोन. पहिला, आधी लिहायचं, मग हात लावायचा. दुसरा, लाइन आधी आपल्या हातात घ्यायची. म्हणजे खांबावर चढून ती दोन्हीकडून सोडवायची, स्वतःजवळचा फोन तिला लावायचा, खराबी कोणत्या बाजूला आहे ते ऐकायचं, आणि सगळं ठीक झालं की ज्याची त्याला परत जोडून द्यायची. एवढ्या वर्षांत या रीतीनं त्यांना कधी दगा दिला नाही.

भैरवगढच्या माणिकलालची गोष्ट तर त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. माणिकलाल कपड्यावर ठसे मारणारा, नव्यानंच फोन घेतलेला. एका श्रावणात त्याची मुलगी इंदूरला बाळंतपणासाठी दवाखान्यात आणि इकडे फोन मेलेला. श्रीनाथराव गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलत पोचले, खांबावर चढले, लाइन हातात घेतली, आणि नेमका तेव्हाच इंदूरहून जावयाचा फोन आला. तार अजून जोडायची होती. तेव्हा श्रीनाथरावांनी वरूनच ऐकून घेतलं आणि खाली ओरडले, "लड़की हुई है, दोनों ठीक हैं."

खालून माणिकलाल ओरडला, "किसके जैसी दिखती है?"

"रुको, पूछता हूँ."

तेव्हापासून दर दिवाळीला भैरवगढहून ठशांची एक चादर येई. त्यातल्याच एका जुन्या चादरीचा तुकडा जयूनं फोनच्या स्टुलावर घातला होता.

मग वर्षं भराभर बदलली. ज्या फोनसाठी लोक सात-सात वर्षं नंबर लावून बसत आणि श्रीनाथरावांना लग्नाची पहिली पत्रिका देत, तो मागितला की मिळायला लागला. टावर चौकात हाका मारल्यासारखे एसटीडीचे बूथ उभे राहिले. मोठमोठ्या खडखडणाऱ्या यंत्रांच्या जागी एक्सचेंजमध्ये थंड हवेच्या खोलीत मुकी कपाटं आली. पुढं खिशातले फोन आले, आणि लोक घरचे फोन परत करायला रांगेत उभे राहिले. श्रीनाथराव दोन हजार एकमध्ये रिटायर झाले ते हसत. म्हणाले, "बरोबर वेळेवर सुटलो. आता खांबावर चढायला खांबच नाही राहणार." मात्र रोज सकाळी चहाच्या आधी घरचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचा आणि आतला सूर ऐकून, "आहे," असं म्हणून ठेवायचा, हे चालूच राहिलं. कोणी देवाला नमस्कार करावा तसं.

हे सगळं मोडलं ते दोन हजार तीनच्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी.

विक्रांत तेव्हा पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो येणार नव्हता. जयूनंच फोनवर धरलं, "महालक्ष्म्या वर्षातून एकदा येतात, तू त्याच्याहून कमी येतोस." तेव्हा दोन दिवसांची सुट्टी घेऊन तो आला, खांद्याला कंपनीच्या काळ्या बॅगेत लॅपटॉप. घरात अशी वस्तू पहिल्यांदाच आलेली. श्रीनाथरावांनी आधी तो उचलून पाहिला आणि म्हणाले, "वजन तर आपल्या जुन्या फोनएवढंच आहे."

पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात डाळ निवडत बसलेल्या आईला विक्रांतनं सांगितलं की कंपनीत माणसं कमी करणं चाललं आहे. त्याचं आधीचं काम बंद पडलं होतं. दोन महिने नुसता बसून काढल्यावर हे एक काम हाती लागलं होतं, आणि ते महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत पुण्याला पाठवायचं होतं.

"पाठवशील ना?"

"झालंय सगळं. थोडं राहिलंय. घरचा फोन जोडून पाठवून देईन." मग आवाज बारीक करून म्हणाला, "बाबांना सांगू नको हे सगळं. उगाच परेशान होतील."

पण घरच्या फोनवर नेट काही लागेना. विक्रांतनं रात्री प्रयत्न केला, पहाटे केला. लॅपटॉपमधून कुईकुई आवाज यायचा, लागल्यासारखं व्हायचं, आणि पानच उघडायचं नाही. काम फ्लॉपीत घालून नेट कॅफेत न्यावं, तर फाइल एवढी मोठी की फ्लॉपीत मावेना.

"बाबा, तुमची लाइन म्हातारी झाली," तो हसत म्हणाला. "दोन पावलं चालते आणि बसते."

"माझ्या लाइनीला नावं ठेवू नको. तुझ्या जन्माची बातमी हिच्यावरूनच नागपूरला, तुझ्या आजोळी गेलीय."

"तेव्हा मी लहान होतो, सहज गेलो असेन."

श्रीनाथराव हसले, पण जयूनं पाहिलं, ते त्यांना कुठंतरी लागलं होतं. त्यांनी गच्चीवर जाऊन तार तपासली, भिंतीतली डबी उघडून स्क्रू आवळले, दोनदा रिसीव्हर कानाला लावून पाहिला. लाइन स्वच्छ होती.

जेवणाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास विक्रांत स्कूटर काढून फ्रीगंजच्या बाजारात गेला. कुठल्या कॅफेत लॅपटॉपच नेऊन जोडू देतील का, ते पाहायचं होतं, आणि जाता जाता आईचा केवडा आणायचा होता. घाईत लॅपटॉप तसाच चालू ठेवून गेला. जयू पुरण वाटत होती. डोक्यात पुरण नव्हतं, उद्याचे दहा होते. तिनं बाहेरच्या खोलीकडं पाहिलं. श्रीनाथराव पेपर वाचत होते, शेजारी तो काळा डबा उघडा.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही पहा ना जरा. पोर कालपासून त्या डब्याशी झगडतंय."

"ती लाइन नाही, जयू. काँप्युटर आहे. आणि त्याचा आहे."

"असू दे त्याचा. तार तर तुमचीच लागलीय त्याला. सगळ्या गावाच्या लाइनी सुधरवल्या, घरची एक सुधरवा की."

हे ती सहज म्हणाली, थोडं चिडवत. पण श्रीनाथराव पेपरची घडी करून उठले, हात धुतले, चष्मा पुसला आणि कपाटातून वही काढली. पंधरा-वीस मिनिटं काही आवाज नव्हता. मग त्यांनी हाक मारली. "जयू, हे बघ. सापडलं."

पुरणाचे हात तसेच घेऊन ती गेली. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट होती.

"हे मशीन पुण्याच्या जाळ्यातलं आहे. इथं नाव लिहिलंय बघ, कंपनीचं. म्हणजे काही करायचं झालं की हे आधी पुण्याला विचारतं. आता इथं कुठलं आलंय पुणं?"

"मग?"

"मग पहिल्यांदा आपल्या हातात घ्यायचं. पुण्याचं नाव काढून इथं उज्जैन घालतो. नेट लागलं, त्याचं काम गेलं, की जसं होतं तसं परत देऊन टाकू. सगळं उतरवून घेतलंय." त्यांनी वही दाखवली. कंपनीच्या जाळ्याचं नाव, त्यातले टिंब, आकडे, एकेक अक्षर मोत्यासारखं.

"करा काय ते, पण लवकर," जयू म्हणाली. "नैवेद्य व्हायचाय."

श्रीनाथरावांनी पुण्याचं नाव पुसलं आणि उज्जैन लिहिलं. मशीननं एकदा काही विचारलं, त्यांनी हो म्हटलं. बंद होऊन परत चालू करावं लागेल असं म्हणालं, त्यालाही हो म्हटलं. मशीन बंद झालं, पुन्हा चालू झालं, आणि नाव व पासवर्ड मागू लागलं.

"विक्रांत आला की पासवर्ड घालेल," असं म्हणून ते सोवळं नेसायला गेले.

विक्रांत केवडा घेऊन आला तेव्हा खुशीत होता. टावर चौकाजवळचा एक कॅफेवाला लॅपटॉप जोडू द्यायला तयार झाला होता. "दहा मिनिटांचं काम आहे, आई. पाठवून येतो, मग पोटभर जेवतो." तो लॅपटॉप बंद करायला वाकला आणि तसाच थांबला. पासवर्ड घातला. परत घातला. तिसऱ्यांदा एकेक अक्षर दाबून घातला.

"बाबा, ह्याला कोणी हात लावला?"

श्रीनाथराव सोवळ्यातच बाहेर आले. काय केलं ते त्यांनी नीट सांगितलं, जसं वरच्या साहेबाला सांगत. मग वही पुढं केली, अंगठा पानावर घट्ट दाबून. "हे बघ, पहिलं जसं होतं ते सगळं आहे. हेच परत भर."

"कुठं भरू? बाबा, दाराला कुलूप लागलंय. भरायला आत तर जाता यायला हवं."

त्यानं पुण्याला फोन लावला. लाइन इतकी स्वच्छ होती की पलीकडच्या माणसाचं बोलणं जयूला दारात उभ्यानं ऐकू आलं. तो माणूस सांगत होता की विक्रांतचा पासवर्ड कंपनीच्या जाळ्यापाशी असतो, मशीनपाशी नाही. मशीन जाळ्याबाहेर काढलं म्हणजे ते आता विक्रांतला ओळखतच नाही. मशीनचा स्वतःचा एक वेगळा पासवर्ड आहे, तो फोनवर कोणालाही सांगता येत नाही. पुण्याला घेऊन या, पाच मिनिटांत होईल.

"उद्या दहापर्यंत मला पाठवायचंय," विक्रांत म्हणाला.

"मग आज निघा," तो म्हणाला.

विक्रांतनं रिसीव्हर ठेवला. उज्जैनहून पुणे काही दहाच्या आत येत नव्हतं. स्टुलावरची ठशांची चादर त्यानं ओढून सरळ केली. मग वडलांकडं वळला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

जयू दारात उभी होती. हातात नैवेद्याचं ताट होतं. उत्तर तिच्या तोंडात होतं, तीन शब्दांचं: मी सांगितलं होतं. ते बाहेर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात श्रीनाथराव बोलले.

"कोणी नाही. मीच."

त्यांनी तिच्याकडं नजरसुद्धा वळवली नाही. वळवली असती तर कदाचित ते शब्द तिच्या तोंडून निघाले असते.

"चाळीस वर्षं लोकांच्या तारा जोडल्या म्हणजे सगळं येतं असं नाही, बाबा," विक्रांत म्हणाला, आणि आत जाऊन बॅग भरायला लागला.

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. जयूनं पुरणपोळ्यांचा डबा बांधून दिला होता. तो नंतर तिला बाहेरच्या ओट्यावर तसाच सापडला. रात्री हळदीकुंकवाला बायका आल्या, महालक्ष्म्यांचं कौतुक करून गेल्या. मुलगा कुठं गेला, असं एकीनं विचारलं. जयू म्हणाली, कामाची घाई होती.

काम एक दिवस उशिरा पोचलं. दिवाळीला विक्रांत आला नाही. दिवाळी झाल्यावर एका रविवारी त्यानं सांगितलं, काढायच्या माणसांची यादी लागली, त्यात त्याचं नाव आहे.

"त्या कामामुळं?" जयूनं विचारलं.

"काय माहीत, आई. तीस जण होते. ज्यांचे लॅपटॉप उघडत होते, तेही होते."

श्रीनाथराव जवळच होते. त्यांनी खुणेनं विचारलं, काय म्हणतो? तिनं सांगितलं, नोकरी गेली. तीस जणांचंही सांगितलं, पण ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. त्यानंतरच्या रविवारपासून ते फाटकाची कडी पाहायला जाऊ लागले. सकाळी रिसीव्हर उचलून ऐकणंही बंद झालं. पुढं विक्रांतला हैदराबादला एका लहान कंपनीत काम मिळालं. सुरुवातीला तो विचारी, बाबा कसे आहेत? जयू म्हणे, बरे आहेत, बाहेर गेलेत. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्यानं विचारणं सोडलं.

आणि जयू गप्प राहिली. त्या दिवशी गप्प राहिली ती घाबरून. दुसऱ्या दिवशी वाटलं, राग निवळू दे. मग वाटलं, आता नोकरीच्या शोधात आहे, आता नको. मग, आता कुठं नोकरी लागलीय. पण या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, आणि ती तिला पक्की माहीत होती. विक्रांतचा राग एकावर होता म्हणून दुसरीला रविवारचा फोन येत होता. खरं सांगितलं तर तो फोनही थांबेल, अशी तिला भीती होती. आठवड्यातली ती दहा मिनिटं तिनं नवऱ्याच्या अंगावर ठेवून कमावली होती. शिकलीसवरलेली बाई, एमए झालेली, हे तिला चांगलं कळत होतं. कळूनही तिनं सहा महिने काढले.

फाल्गुनात सिंहस्थाची तयारी जोरात आली. सगळीकडं रस्ते खणलेले, घाटाकडं जाणाऱ्या वाटांवर धूळच धूळ. एका बुधवारी दुपारी यज्ञेश्वर आला. श्रीनाथरावांचा एक्सचेंजमधला जुना सोबती, त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, अजून नोकरीत.

"श्रीनाथ, चल बाबा, तुझी गरज आहे," तो खुर्चीत बसता बसता म्हणाला. "साधूंना पण आता फोन पाहिजेत. काल एक महाराज म्हणतात, बेटा, नेट भी चाहिए."

जयूला हसू आलं. श्रीनाथराव हसले नाहीत.

"सच सांगतो. मेळ्यात टेंपररी लाइनी टाकायच्यात आणि नव्या पोरांना ब्याण्णवच्या मेळ्याची केबल कुठून गेली होती तेसुद्धा माहीत नाही. साहेब म्हणाले, पोतनीस साब को बुलाओ. नुसता येऊन बोट दाखव, खणायला पोरं आहेत."

"नाही रे. मला नाही जमणार."

"का? पाय दुखतात? जीप पाठवतो."

"पाय ठीक आहेत." श्रीनाथराव म्हणाले, "दुसऱ्याच्या लाइनीला हात लावायची हिंमत नाही होत आता."

यज्ञेश्वरला वाटलं, थट्टा आहे. तो हसला, मग जयूकडं बघून थांबला. "बरं, ब्याण्णवची वही तरी दे. त्यात सगळा नकाशा असेल, तुझी खोड मला माहीत आहे."

"कपाटात आहे. जयू, देतेस का त्याला?" असं म्हणून श्रीनाथराव बाहेर फाटकाशी जाऊन उभे राहिले.

वह्या सालाप्रमाणं लावलेल्या होत्या. ब्याण्णवची लगेच मिळाली. यज्ञेश्वरनं ती तिथंच उघडून पाहिली आणि मान हलवली. "बघा वहिनी. इतक्या घाईगर्दीत, रोज शंभर तक्रारी, आणि प्रत्येकाचं नाव. हा कुठला आखाडा, हा कुठला हलवाई. एक रकाना रिकामा नाही." फाटकाशी जाऊन तो श्रीनाथरावांच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलला आणि गेला.

जयू कपाट बंद करायला वळली. सगळ्यात शेवटी ठेवलेली वही तिनं का काढली, ते तिलाही सांगता आलं नसतं. रिटायर झाल्यानंतरची वही. पानं थोडीच भरलेली: शेजाऱ्यांची घंटी, मंगल कार्यालयाचा माइक. मग भाद्रपदातलं ते पान. खाली कंपनीच्या जाळ्याचं नाव, टिंब आणि आकडे. वर सहा रकाने.

तारीख होती. नंबर घरचाच. खराबी: नेट लागत नाही. कारणाच्या रकान्यात, नंतर कधीतरी वेगळ्या शाईनं लिहिलेलं: माझी घाई. सुधरवली, हा रकाना रिकामा होता, तो तर असणारच. पण त्याच्याही आधीचा एक रकाना कोरा होता. तक्रार करणाऱ्याचं नाव.

ती खिडकीशी गेली. त्या जागी कागद पातळ झालेला होता, ब्लेडनं खरवडल्यासारखा. पान उजेडात धरल्यावर आत निळसर खूण दिसली. पूर्ण नाव नव्हतं वाचता येत. पहिलं अक्षर ज होतं.

म्हणजे त्यांनी लिहिलं होतं. हात लावायच्या आधी, नेहमीच्या रीतीप्रमाणं. आणि विक्रांतपुढं वही धरताना अंगठा पानावर दाबला होता, तो ह्यावर. आणि नंतर कधीतरी, ती घरात नसताना किंवा झोपलेली असताना, हा माणूस ब्लेड घेऊन बसला होता. न जाणो, पोरानं कधी वही मागितली तर. बेचाळीस वह्यांमध्ये त्यांनी एवढं एकच नाव खोडलं होतं.

जयू पलंगावर बसली. रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. मग उठून तोंड धुतलं. टेबलावरचं पेन घेतलं आणि त्या पातळ झालेल्या जागेवर, कागद फाटू नये म्हणून हलक्या हातानं, लिहिलं: जयश्री पोतनीस.

वही घेऊन ती बाहेरच्या खोलीत फोनशी येऊन बसली आणि तिनं तिथली चिठ्ठी शोधली. विक्रांतनं नवा खिशातला फोन घेतला तेव्हा नंबर दिला होता. म्हणाला होता, अगदीच काही झालं तर लाव, एरवी मी रविवारी करतोच. बुधवारचे सव्वातीन वाजले होते. तो ऑफिसात असेल. दचकेल. आधी विचारेल, बाबांना काही झालं का? आणि सगळं ऐकल्यावर काय म्हणेल, ते तिला माहीत नव्हतं. तेच शब्द ऐकवील कदाचित, जे तिनं एकदा दुसऱ्याला ऐकू दिले होते. मग पुढच्या रविवारी नऊ वाजतील आणि फोन वाजणार नाही. हेही होऊ शकत होतं. तिनं ते पूर्ण मनाशी आणून पाहिलं.

"अहो," तिनं हाक मारली, "आत या."

श्रीनाथराव दारापर्यंत आले. "गेला यज्ञेश्वर?"

"गेला. बसा इथं. मी फोन लावतेय."

"कुणाला?"

"विक्रांतला."

"आज रविवार कुठंय?" असं म्हणत ते वळलेसुद्धा, हात दाराच्या कडीवर गेला. तेव्हा त्यांना तिच्या मांडीवरची उघडी वही दिसली, आणि त्यातली ओली शाई.

"जयू," ते हळूच म्हणाले, "कशाला? झालं गेलं ते."

"तुमचं झालं असेल," ती म्हणाली. "माझी तक्रार अजून बाकी आहे. कोणी सांगितलं होतं, असं विचारलंय त्यानं. त्याला उत्तर द्यायचं राहिलंय."

ते बसले नाहीत. पण बाहेरही गेले नाहीत. दार आणि खुर्ची यांच्यामध्ये कडीवरचा हात काढून उभे राहिले.

जयूनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. आतला सूर लागलेला होता. तिनं चिठ्ठी चष्म्यासमोर धरली आणि पहिला आकडा दाबला.